शेवटच्या कापाआधी

"मशीन आधी बंद कर," विश्राम म्हणाला.

त्याचा डावा पाय झाडाखाली अडकला होता. कमरेपर्यंत तो व्हाळाच्या पाण्यात होता, तोंडावरचा रंग उडालेला, आणि या माणसाचं पहिलं बोलणं काय, तर मशीन बंद कर! ती काठावर आडवी पडून धडधडत होती. पडता पडता त्याने ती हातातून लांब भिरकावली होती, नाहीतर त्याच्याच अंगावर आली असती. मी चिखलातून धावत गेले आणि खटका दाबला. मशीन गप्प झाली. मग पाण्याचा आवाज केवढा वाढलाय, ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

"पाय हलता?" मी विचारलं.

"बोटां हलतत. पाय येत नाय."

याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर होती आणि पाऊस तीन दिवस थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्या आंबेखोल गावात यायचं-जायचं ते वाघव्हाळावरच्या साकवावरून. साकवाच्या वरच्या अंगाला, अगदी काठावर, राखणदाराचं ऐनाचं झाड होतं. राखणदार म्हणजे वेशीची राखण करणारा आमचा देव. त्याला ना देऊळ ना मूर्ती. ऐनाच्या बुंध्याशी एक काळा पाषाण, तोच देव. त्याच्यापुढे दिवा लावायचं काम आम्हा गुरवांच्या घराकडे, म्हणजे माझे सासरे धाकू गुरव यांच्याकडे होतं. आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. मामांनी चाळीस वर्षांत एक सोमवार चुकवला नव्हता. माझ्याशी मात्र लागेल तेवढंच बोलायचे. मीठ कमी आहे, पाणी तापलं का, एवढंच.

आदल्या रात्रीच्या वाऱ्यात तो ऐन उलथला. मुळं या काठावर, शेंडा पलीकडे साकवाच्या कठड्यात घुसलेला, आणि मधे खोड व्हाळावर आडवं. मुळांबरोबर जमीनही उचकटून आली होती. मातीसकट मुळांचा गड्डा पुरुषभर उंच, भिंतीसारखा उभा राहिला होता. त्याच्या मागे मोठा खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात कुठेतरी चिखलाखाली देव.

देवाच्या झाडाला कोणी हत्यार लावत नाही. पण फांद्यांत कचरा अडकून पाणी तुंबत होतं आणि साकव आज ना उद्या जाणार हे कुणालाही दिसत होतं. म्हणून सकाळी मामांनी गाऱ्हाणं घातलं, राखणदाराकडे फांद्यांपुरती परवानगी मागितली, आणि विश्राम मशीन घेऊन उतरला. तिसरी फांदी सुटली तसं खोड जागच्या जागी कूस बदलल्यासारखं फिरलं. विश्राम घसरला आणि खोड व खडक यांच्या मधे सापडला.

विश्राम माझा नवरा. शाळेत माझ्यापुढे दोन इयत्ता, म्हणून मनात कायम अरे-तुरे. लोकांसमोर 'अहो', आणि कामावर सरळ नाव. कारण मशीनच्या आवाजात 'अहो' कुणाला ऐकू येतं? झाडं कापायच्या चेन-सॉला गावात नुसतं मशीन म्हणतात आणि पंचक्रोशीत तेव्हा ती एकट्या विश्रामकडे होती. सात-आठ वर्षांत तिने त्याचे कान निम्मे खाल्ले होते. म्हणून आमची एक रीत होती. त्याच्या कमरेला दोरी बांधायची, तिचं टोक माझ्या हातात, मी मागे पंधरा-वीस हातांवर. एक हिसका म्हणजे थांब. दोन हिसके म्हणजे सगळं सोड आणि मागे ये. बायको नवऱ्याला दावं बांधून कामाला नेते, म्हणून लोक हसायचे. मी म्हणायची, हसा, माझा नवरा संध्याकाळी घरी येतो.

दुसरी रीत त्याची होती. झाड पडायच्या बेताला आलं, की शेवटच्या कापाआधी तो मशीन थांबवायचा आणि डावा हात वर करायचा. मग मी आसपासची डोकी मोजायची आणि बोटांनी आकडा दाखवायचा. सुरुवातीच्या आकड्याशी तो जुळला तरच पुढे. या अपघाताच्या दोन वर्षं आधी एक म्हातारी काटक्या वेचत कधी मागे येऊन बसली ते कळलं नव्हतं आणि फांदी तिच्यापासून हातभर अंतरावर पडली होती. म्हातारी काटक्या उचलून निघून गेली. विश्राम मात्र दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून हे सुरू झालं.

त्या दिवशी काठावर सहा माणसं होती. सदा राऊळ आणि त्याचे दोघे भाऊ. साकव बंद म्हणून सायकल धरून खोळंबलेले पोस्टमन गावकर. शेजारची शेवंताकाकी. आणि मामा. काकीचा नवरा फोन लावायला शाळेच्या टेकडीकडे पळाला होता, कारण रेंज फक्त तिथेच. पण सगळ्यांना ठाऊक होतं, जेसीबी यायचा तो पलीकडून, घाटरस्त्यावर दरड आलेली, म्हणजे दुपार नक्की.

राऊळांच्या तिघांनी खोडाखाली पहार घातली. पहार वाकली. खोड पाव बोट सरकलं ते नेमकं उलट्या बाजूला, आणि विश्राम असा ओरडला की तिघांनीही पहार सोडून दिली.

"ऱ्हवांदे," तो धापा टाकत म्हणाला. "माका वायच बघूक द्या."

त्याच्या शर्टाला पाच गुंड्या होत्या. आम्ही बोलत होतो तेवढ्यात खालून दुसरी पाण्यात गेली. मी बघितलं आणि मी बघितलं हे त्यानेही बघितलं.

तो झाड वाचत होता. कामावर तो असाच गप्प राहून झाडाकडे बघायचा. बघता बघता त्याने मान वळवली आणि मला जवळ बोलावलं.

"खोडाच्या वरच्या अंगाक साल चिरलेली दिसता तुका?"

ऐनाची साल जाड, मगरीच्या पाठीसारखी. तीत आडवी चीर गेली होती. मी म्हटलं, दिसता.

"म्हणजे ताण वर आसा. ह्या मुळांका परत जाग्यार बसूचा आसा. शेंड्याच्या वजनान ती अडाकलेली आसत. माझ्या पलीकडे चार हातांवर खोड कापलास, शेंडो सुटो झालो, की मुळां धपकन खळग्यात बसतली आणि ह्यो बुंधो आपसूक वर उठतलो. माझो पाय सुटलो."

"आणि कापतला कोण?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"वहिनी, माका द्या मशीन," सदा पुढे झाला. "बायलमाणसाचा काम नाय ह्या."

"सद्या, तू ती जन्मात कधी हातात धरलंस?" विश्राम म्हणाला. "पहिल्यांदा धरणाऱ्याच्या तोंडार उसाळता ती. सुगंधा धरतली."

सुगंधा धरतली! दर रविवारी परड्यात घोडीवर लाकूड ठेवून तो माझ्याकडून सरपण कापून घ्यायचा, तेवढीच माझी विद्या. सरपण मेलेलं असतं, जागचं हलत नाही. हे झाड जिवंत होतं, ताणलेलं होतं, आणि त्याच्याखाली माझा नवरा होता.  

तेवढ्यात मामा बोलले. मघापासून ते एका जागी उभे होते.

"फांद्यांचा गाऱ्हाणा घातलंय. खोडाचा घातलंय नाय."

"मगे घाला बाबांनू," विश्राम म्हणाला. "पण बेगीन."

मामांनी मान डोलावली आणि ते वळले. मला त्यांची पाठ दिसली, खांद्यावरचा ओला पंचा दिसला, आणि मग डोकी मोजण्यापुरतं सोडून मी त्यांच्याकडे बघितलं नाही. तेवढंच माझं चुकलं.

विश्रामने डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्याकडे फेकलं. मला ते सैल. समोरची जाळी खाली ओढली तर अर्धं जग चौकोनी झालं. "पदर खोव. मंगळसूत्र आत घाल. लोंबता काय एक ठेव नको," तो सांगत होता आणि मी मुकाट्याने करत होते. मग त्याने कमरेची दोरी सोडली. "ही तू बांध." त्या दिवशी दोरी माझ्या कमरेला होती आणि टोक त्याच्या हातात. काही झालं तर ओढणार कोण, तोच अडकलेला! पण ते टोक त्याच्या हातात आहे एवढ्यावर माझा जीव थोडा थाऱ्यावर आला.

"डोकी?" त्याने विचारलं.

मी काठावर बघून मोजली. राऊळ तिघे, पोस्टमन, काकी, आणि जरा बाजूला गड्ड्याजवळ हात जोडून उभे मामा. "सहा."

"आता वाट बघ. झाड सुटला तर खंय पळतलंस?"

मी मागे बघितलं. उभं राहायला व्हाळात एक सपाट खडक होता, त्यावर गुडघाभर पाणी. तिथून वरच्या अंगाने चार पावलांत काठ. मी हाताने दाखवलं. तो म्हणाला, बरोबर.

मशीन शेजारच्या उंच खडकाला टेकवली, पायाने दाबली, सुरू करायची दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. तिसऱ्यांदा ती भडकली आणि माझ्या हातांतून खांद्यापर्यंत चढली. तिसरी गुंडी बुडाली होती.

"आधी खालून!" विश्राम ओरडला. "पट्टीच्या पाठीन, वर ढकलत! तीन भागातलो एक भाग! टोक लागाक देव नको!"

पट्टी म्हणजे जिच्यावरून चेन फिरते ती पोलादी जीभ. तिचं टोक लाकडाला लागलं की मशीन उलटी उसळते. हे त्याने मला शंभरदा सांगितलं होतं आणि शंभरदा मी हो हो म्हटलं होतं. त्या दिवशी मी त्या टोकावरून नजर हलवली नाही. खालून कापताना मशीन माझ्या अंगावर येऊ बघत होती. मी डावा हात ताठ धरला. ओला भुसा तोंडावर, जाळीवर, मानेवर. ऐनाचं लाकूड कठीण, चेन कुरकुरायला लागली. मी दाबलं नाही. दाबायचं नाही, चेन जेवढं खाईल तेवढंच द्यायचं, हेही त्याचंच शिक्षण. हातभर जाडीचं खोड, त्यातला तिसरा भाग. किती वेळ लागला कोण जाणे. मी वर बघितलं तेव्हा चौथी गुंडी दिसत नव्हती.

"बस! आता वरून!"

वरून काप सोपा जातो. मशीन स्वतःच्या वजनाने उतरते. चार बोटं उतरली, सहा बोटं उतरली, आणि खोड बोलायला लागलं. आतून बारीक बारीक कटकट आवाज. ते धागे तुटायचे आवाज, म्हणजे आता वेळ फार नाही. मला वाटलं, झालं, आता दोन श्वास आणि संपलं. आणि कमरेला हिसका बसला.

एकच. थांब.

मी चेनचा ब्रेक पुढे ढकलला, वळून बघितलं. पाणी त्याच्या गळ्याशी आलं होतं. हनुवटी वर करून त्याने डावा हात पाण्याबाहेर काढला होता.

"डोकी मोज," तो म्हणाला.

"आता? पाणी बघ खंय इला ता!"

"सुगंधा. मोज."

मला त्याचा असा राग आला की काय सांगू. मरायला टेकलास आणि रीत कसली सांभाळतोस? पण दोन वर्षांची सवय. मान आपोआप वळली. सदा. त्याचे दोघे भाऊ. पोस्टमन. काकी.

पाच.

मी पुन्हा मोजलं. बोट दाखवून दाखवून मोजलं. पाचच होते.

"मामा खंय?"

मी मशीन पूर्ण बंद केली आणि पुन्हा ओरडले, "मामा खंय गेले?"

सदाने एकदा गड्ड्याकडे बघितलं आणि झटक्यात मान खाली घातली. शेवंताकाकीने पदर तोंडावर घट्ट दाबून धरला होता. पोस्टमन सायकलच्या घंटीकडे बघत होते. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली होती. 

आमच्याकडे देव हलवायची एक रीत आहे. ज्याने देव उचलायचा त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि बाकी कोणी त्याला हाक मारायची नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, तो कुठे आहे हेही बोलायचं नाही. हाक मारली तर देव कोपतो आणि ज्याच्यासाठी त्याला हलवला त्याचंच वाईट होतं, असं मानतात. खोडाला लोखंड लावायचं तर त्याखालचा देव आधी काढला पाहिजे, नाहीतर मुलगा वाचायचा नाही, असं मामांच्या मनाने घेतलं होतं. मी मशीन सुरू केल्यावर ते गुपचूप गड्ड्यामागे खळग्यात उतरले. काठावरच्यांनी ते बघितलं आणि विश्रामचं वाईट होऊ नये म्हणून गप्प बसले. मुळं परत खळग्यात बसणार, हे विश्रामने सांगितलेलं त्यांच्या कानांवरून गेलं होतं. लाकूडतोड्याशिवाय ते कुणाला उमगणार?

व्हाळातून खळगा दिसत नव्हता. मधे गड्डा भिंतीसारखा उभा. मी पाच बोटं वर केली आणि विश्रामला तिकडे हात करून दाखवलं.

त्याला एका क्षणात कळलं. त्याचे डोळे मोठे झाले. पाणी खालच्या ओठाला लागत होतं.

"काप नको," तो म्हणाला. "बाबा आसत थय. काप नको."

"आणि तू?"

त्याने दोरीचं टोक सोडून दिलं.

मी मशीन त्या उंच खडकाच्या कपारीत ठेवली आणि दोरी लोंबवत काठाकडे पळाले. घसरले, उठले, गड्ड्याला वळसा घालून खळग्याच्या तोंडाशी आले. मामा खाली होते. गुडघाभर चिखलात, वाकलेले, दोन्ही हातांनी पाषाणाला मिठी मारून तो उपसत होते. अर्धा वर आला होता. त्यांच्या डोक्यावर मुळांची ती भिंत ओणवी झाली होती, माती झरझर गळत होती. आतून कटकट आवाज येतच होता.

"मामांनू! वर येवा! मुळां बसतली हयसर!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. तोंड घट्ट मिटलेलं. पुन्हा वाकले.

"मामांनू, आयका माझा! विश्राम बुडता!"

त्यांनी हाताचा पंजा मला दाखवला. जरा थांब. माझ्या डोळ्यांसमोर ते पाषाणाला आणखी एक हिसडा देत होते. हा म्हातारा आपल्या मुलाला वाचवत होता, मनापासून, जिवाच्या आकांताने. तो असाच वाचवत राहिला तर माझा नवरा आता दोन मिनिटांत जाणार होता. आणि मी जाऊन कापलं तर हा जाणार होता. मी उतरून त्यांना ओढून काढणार? सत्तरीचे असले तरी माझ्या दुप्पट ताकदीचे होते.

सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. देव उचलणाऱ्याचं नाव कोणीच घ्यायचं नसतं. मला दोन्ही आठवलं, आणि मी उभ्या गावात ऐकू जाईल एवढा आवाज काढला.

"धाकू गुरवाऽऽ! देव खाली ठेव! झील मरता तुझो!"

मागे काकी किंचाळली. मामा ताठ झाले. त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यानंतर त्यांना असं नाव घेऊन, अरे-तुरे करून कोणी हाक मारली नसेल. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी आजही विसरले नाही. राग नव्हता त्यात. काहीतरी हातातून पडून फुटलं आणि आता ते जोडता येणार नाही, असं बघणं होतं ते.

त्यांनी पाषाण सावकाश चिखलात आडवा ठेवला. झोपलेलं मूल ठेवतात तसा. मग वर बघितलं. मी हात पुढे केला आणि लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला. मी ओढलं, ते चढले. त्यांना सदाच्या अंगावर ढकलून देऊन मी परत व्हाळात धावले.

विश्रामचे फक्त नाक-डोळे वर होते. तो मान मागे टाकून आभाळाकडे बघत श्वास घेत होता.

"सहा!" मी ओरडले. त्याचे कान पाण्यात होते, त्याला ऐकू गेलं नसेल. तरी ओरडले. मला ओरडायचं होतं.

मशीन एका ओढीत सुरू झाली. पट्टी खाचेत घातली. एक बोट. दोन बोटं. आणि खोडाने बंदुकीसारखा आवाज केला. मी मशीन घेऊन मागे उडी मारली, जी वाट त्याने आधीच बघून ठेवायला लावली होती त्याच वाटेने. शेंडा पाण्यात बसला. इकडचा बुंधा वर उठला, पाणी गाळत, सावकाश आणि मग एकदम, आणि मुळांचा तो अख्खा गड्डा खळग्यात जाऊन बसला. पायांखालची जमीन हादरली. चिखल माझ्या तोंडापर्यंत उडाला. ज्या खळग्यात मघाशी मामा उभे होते तिथे आता खळगाच नव्हता.

राऊळांच्या तिघांनी पाण्यात उड्या टाकल्या होत्या. विश्रामला त्यांनी काखेत धरून वर काढला. तो खोकला, ओकला, मग डोळे उघडून त्याने आधी बापाला शोधलं. मामा तिथेच उभे होते. बघून झाल्यावर त्याने डोळे मिटले. मी त्याच्या शेजारी चिखलात बसले आणि हेल्मेट घातलेलंच विसरून मोठमोठ्याने रडले.

पाय वाचला, पण घोटा वाचला नाही. तीन महिने प्लास्टर, आणि नंतर कायमचं लंगडणं. उतारावर मशीन धरून उभं राहणं त्याच्या नशिबातून गेलं.

देव झाडाखाली गेला तो गेला. खणून काढू म्हणून गावात दोन बैठका झाल्या. मामांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. लोकांनी कारण आपापलं ठरवलं. पाणंदीवर मी दिसले की बायकांचं बोलणं थांबायचं. सासऱ्याला नावाने हाक मारली हिने, तीही देव हातात असताना. विश्रामचा घोटा गेला तो त्यामुळेच, हेही ऐकलं. मी तोंड उघडलं नाही. मी काही गरीब गाय नाही, पण या एका बाबतीत मलाच ठाऊक नव्हतं मी काय केलं ते. जीव वाचवला की म्हाताऱ्याचा देव हिरावून घेतला?

कारण मामा माझ्याशी बोलेनासे झाले. आधीही बोलत नव्हते, पण आता मीठ कमी आहे हेही सांगेनात. मी ताट वाढायची, ते जेवायचे, उठायचे. सोमवारी दिवा घेऊन त्या परत उभ्या राहिलेल्या बुंध्याशी जायचे. कापल्या जागी त्याला पालवी फुटली होती. सात महिने त्या घरात माझ्यासाठी त्यांचा एक शब्द नव्हता. रात्री विश्रामला म्हणायची, त्यांनी मला शिव्या घातल्या तरी चालतील. तो म्हणायचा, ते शिव्या घालणाऱ्यांतले नाहीत.

फाल्गुनात शाळेच्या छपरावर ओणवलेलं शिवणीचं एक वाळकं झाड कापायचं काम आलं. हेडमास्तर विश्रामकडे आले होते. विश्राम म्हणाला, आता ही कापते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरा कोणी मिळेना म्हणून हो म्हटलं.

पहिलं काम. कमरेला दोरी, टोक विश्रामच्या हातात, तो मागे खुर्चीवर बसलेला. सुट्टीचा दिवस, मुलं नव्हती. सुरुवातीला मोजली ती चार डोकी. मास्तर, शिपाई, सदा राऊळ, विश्राम. पडायच्या बाजूला खाच घेतली, मागून काप घेतला, दोन बोटं लाकूड राहिलं. मी मशीन थांबवली आणि डावा हात वर केला.

मी वळून बघितलं. विश्राम फाटकाकडे बघत होता.

फाटकातून मामा येत होते. शाळेकडे त्यांचं काही काम नव्हतं. खांद्यावर पंचा, पायांत वहाणा, सावकाश चालत ते आत आले. पटांगणाच्या मधोमध, झाडापासून चांगल्या लांब, मला नीट दिसतील अशा जागी उभे राहिले. हात पाठीमागे बांधले. 

"सुगंधा," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून माझं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी हेल्मेटची जाळी वर केली.

"धाकू गुरवाक मोजलंस?"

माझ्या हातात मशीन होती म्हणून मला डोळे पुसता आले नाहीत. मी त्यांच्यापासूनच सुरुवात केली आणि सगळी डोकी पुन्हा एकदा मोजली.